छापील पुस्तक आणि कव्हर: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

मी सांगलीत पुस्तकांची कव्हरं आणि आतली मांडणी करते. सातारा, कराड, वाई, तासगाव, मिरज असं सगळीकडनं लोक व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न पाठवत असतात, कुणी लेखक, कुणी शाळेतले सर, कुणी वाचनालयात काम करणारे. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहिली. सोपे प्रश्न आधी घेतलेत, किचकट मागे. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ताई, आता सगळे मोबाईलवरच वाचतात, मग छापील पुस्तकाच्या कव्हरवर कशाला खर्च करायचा?

अमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या शेवटी आली, ऑडिओ पुस्तकांचं स्टोरीटेल २०१७ ला आलं, त्याच्या आधीपासून बुकगंगावर ई-बुकं होतीच. म्हणजे डिजिटल आपल्याकडे काही कालपरवा आलेलं नाही. तरी साताऱ्याच्या ग्रंथमहोत्सवात जाऊन बघा, लोक स्टॉलवर पुस्तक उचलतात, उलटं करून मागचा मजकूर वाचतात, दोन पानं चाळतात आणि मगच किंमत विचारतात. हे सगळं कव्हरच्या जिवावर चालतं. आणि जे ऑनलाइन मागवतात तेसुद्धा आधी कव्हरचाच फोटो बघतात, पुस्तक हातात यायच्या आधी तेवढंच तर दिसतं. म्हणजे कव्हरचं काम कमी झालेलं नाही, डबल झालंय. पैसे कमीच असतील तर स्पॉट यूव्ही, फॉइल, एम्बॉसिंग असली चकाकी-उठावाची सजावट सोडून द्या, पण चित्रकाराचे आणि अक्षरांचे पैसे वाचवू नका.

२. कव्हर म्हणजे पुढचं पानच ना?

नाही. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधला कणा (प्रेसमध्ये स्पाइनच म्हणतात) हे तिन्ही मिळून एकच सलग कागद असतो. फ्लॅप (आत दुमडलेल्या पट्ट्या) असतील तर ते दोन धरून पाच भाग. हे पाचही एकदम डिझाइन करायचे असतात. पुढचं पान छान करून मागे नुसता रंग भरून टाकला की पुस्तक अर्धवट वाटतं. कण्याचं तर फारच दुर्लक्ष होतं, आणि कपाटात उभं राहिल्यावर पुढची सगळी वर्षं पुस्तकाचा तेवढाच भाग लोकांना दिसणार असतो. कण्यावर नाव, लेखक आणि प्रकाशनाचं चिन्ह हवंच. अक्षरं वरून खाली जाणारी ठेवा, म्हणजे पुस्तक टेबलावर आडवं ठेवलं की नाव सरळ वाचता येतं.

३. कण्याची जाडी किती धरायची? प्रेसवाले म्हणतात तुम्हीच सांगा.

एका पानाला दोन बाजू, त्यामुळे २०० पानी पुस्तकात कागद १०० च असतात. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) साधा मॅपलिथो कागद असेल तर एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे कणा एक सेंटिमीटरच्या आसपास. पण जाडी नुसत्या जीएसएमवर ठरत नाही, नॅचरल शेडचे काही कागद वजनाला तेवढेच पण फुगीर असतात. म्हणून छापायचाय त्याच कागदाची कोरी डमी प्रेसकडून करून घ्या आणि पट्टीने मोजा. पानांची संख्यासुद्धा आधी पक्की करा. १६ पानांचा एक फॉर्म (मोठा कागद छापून घडी घातलेला जुडगा) धरला तर २०८ पानांत बरोबर १३ फॉर्म बसतात. शेवटच्या दिवशी कुणी प्रस्तावना वाढवली की कणा बदलतो, आणि मग कण्यावरचं नाव घसरून मुखपृष्ठावर येतं.

४. ई-बुकचं कव्हर तयार आहे, तेच छापायला दिलं तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. किंडलला पुढचंच पान लागतं, त्यांचं आदर्श माप २५६० बाय १६०० पिक्सेल. कणा नाही, मागची बाजू नाही, कडेला कटिंगसाठी जागा नाही. छपाईला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग) लागतं, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतं. आपलं डेमी साइझचं पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या आसपास असतं, आणि त्याचं लांबी-रुंदीचं प्रमाणही किंडलच्या मापाशी तंतोतंत जुळत नाही.

रंगाची अडचण तर प्रत्येकालाच येते. स्क्रीन आरजीबीत (लाल, हिरवा, निळा प्रकाश) दाखवते, छपाई सीएमवायकेत (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई) होते, त्यामुळे मोबाईलवर झगमगणारा निळा आणि पोपटी कागदावर मळकट उतरतो. यात प्रेसवाल्यांची चूक नसते, तो रंग चार शाईंतून निघतच नाही. म्हणून आधी छापील कव्हर करा आणि त्यातून ई-बुकचं काढा, ते सोपं जातं. फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर मेल करा, फोटो म्हणून पाठवली की ती दाबून बारीक होते.

५. मोबाईलवर आमच्या पुस्तकाचं नावच वाचता येत नाही, काय करू?

कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, आणि शेजारी बसलेल्या माणसाला न सांगता वाचायला द्या. नाव लागलं तर पास. मराठीत हे इंग्रजीपेक्षा अवघड आहे कारण आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळीला उंची जास्त लागते, त्यामुळे तेवढ्याच जागेत अक्षर बारीक करावं लागतं. उपाय म्हणजे बाकीचं कमी करा. नाव, उपनाव, लेखक, प्रस्तावना कुणाची, पुरस्कार, 'तिसरी आवृत्ती' एवढं सगळं मुखपृष्ठावर घातलं तर काहीच दिसत नाही. नाव आणि लेखक पुढे ठेवा, बाकी मागे. किंडलच्या साध्या मशीनवर रंग दिसत नाहीत, सगळं करड्या छटांत दिसतं, तेव्हा लालवर हिरवी अक्षरं तिथे दिसेनाशी होतात. कव्हर एकदा ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचं, गडद-फिकटातला फरक तिथे लगेच कळतो.

६. कव्हरवर 'साताऱ्याचा' लिहिलं तर 'सातार्याचा' असं का येतं? आणि फॉन्ट कुठला घेऊ?

याचं उत्तर मोठं आहे, कारण मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. आपल्याला लागणाऱ्या 'ऱ्य' मधला ऱ वेगळा टाइप करावा लागतो. खूप कीबोर्डवर तो सापडत नाही, मग लोक साधा र घालतात आणि त्याचा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. 'दऱ्या' लिहायला जावं आणि 'दर्या' व्हावं, म्हणजे सह्याद्रीचं पुस्तक समुद्राचं होतं. कव्हरवर ही चूक छापली गेली की आवृत्ती संपेपर्यंत तशीच राहते.

दुसरी गोष्ट ल आणि श ची. मराठी ल आणि हिंदी ल दिसायला वेगळे आहेत, आपला गाठीचा श सुद्धा वेगळा. बरेच फॉन्ट उघडल्यावर हिंदी वळण दाखवतात, कारण ते तसेच सेट केलेले असतात. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळण आतच असतं, सॉफ्टवेअरमध्ये भाषा 'मराठी' निवडली की ते येतं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला नाही तर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात, तेही बघा. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच केलेला आहे, पुस्तकी अक्षराला छान. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या गटाचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट फुकट वापरता येतात, परवानगीचा प्रश्न येत नाही. 'यात्रा वन' हा फॉन्ट आपल्या रेल्वे स्टेशनच्या पाट्यांवरच्या हाताने रंगवलेल्या अक्षरांवरून घेतलाय, प्रवासाच्या पुस्तकाला चांगला दिसतो.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर छापायला चालतो, पण ई-बुकला युनिकोडच (कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर वाचता येणारं टायपिंग) लागतं. कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर एकदा माणसाने वाचलाच पाहिजे, ऱ्य आणि रफार तिथेच बिघडतात. आणि जमत असेल तर कव्हरवरचं नाव हाताने लिहून घ्या. आपल्याकडे अजून चांगले अक्षरकार आहेत, त्यांना कामं मिळाली तरच टिकतील.

७. मॅट करू का ग्लॉसी? आणि पावसाळ्यात कव्हर वर का वळतं?

मॅट हाताला छान लागतं, पण गडद रंगावर बोटांचे ठसे आणि ओरखडे दिसतात. ग्लॉसीवर रंग उठून दिसतो, पुसता येतं, मात्र ट्यूबलाइटखाली चकाकतं. लहान मुलांच्या पुस्तकाला मी ग्लॉसीच सांगते.

आता वळण्याचं. लॅमिनेशनची प्लॅस्टिक फिल्म कव्हरच्या बाहेरच्या बाजूलाच असते. हवेतला ओलावा आतल्या बाजूने कागदात शिरतो, कागद फुगतो, फिल्म काही फुगत नाही, मग कव्हर फिल्मच्या बाजूला म्हणजे बाहेर वळतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात जुलैत हे हमखास होणार, कोरड्या उन्हाळ्यात तेच पुस्तक परत सरळ बसेल. पूर्ण थांबवता येत नाही, कमी मात्र करता येतं. कागदाचा ग्रेन, म्हणजे धाग्यांची दिशा, कण्याला समांतर हवी. उलटी असली तर कव्हर वेडंवाकडं लाटेसारखं होतं आणि मग काहीच करता येत नाही. कागद वाचवायला कव्हर आडवं फिरवून लावतात तेव्हा असं होतं, म्हणून प्रेसला हे आधीच विचारा. शाई पूर्ण वाळल्याशिवाय लॅमिनेशन नको. अगदी पातळ कव्हरही नको, २५० ते ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड घ्या. बाइंडिंग झाल्यावर गठ्ठे वजनाखाली ठेवा. प्रकाशनाची तारीख भर पावसात असेल तर आठ दिवस जास्तीचे धरा.

८. दोनदा वाचल्यावर पानं सुटायला लागली, कागद खराब होता का?

कागदाला दोष देऊ नका. ते परफेक्ट बाइंडिंग असणार, त्यात पानांच्या पाठी कापून नुसत्या गरम गोंदावर चिकटवतात. स्वस्त पडतं, लवकर होतं. पण शे-दीडशे लोक वाचणार असतील, वाचनालयात जाणार असेल, तर शिलाई बाइंडिंगच घ्या, त्यात फॉर्म दोऱ्याने शिवलेले असतात आणि पुस्तक पूर्ण उघडतं. कविता, संदर्भग्रंथ, पाककृती यांना तर शिलाई हवीच, ही पुस्तकं टेबलावर उघडी ठेवून वापरतात.

९. जुन्या पुस्तकांची कव्हरं एवढी चांगली का वाटतात?

कारण चित्रकार पुस्तक वाचायचे. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, पुढे सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी, रविमुकुल, यांची कामं शेजारी शेजारी ठेवून बघा, प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येतो. तेव्हा रंग कमी वापरता यायचे, दोन-तीन रंगांत सगळं बसवायचं म्हणजे आधी विचार करावा लागायचा.

आपल्या भागाची तर यात मोठी पुण्याई आहे आणि आपणच ती विसरतो. किर्लोस्करवाडीला, लोखंडी नांगराच्या कारखान्याशेजारी, १९२० ला 'किर्लोस्कर खबर' निघालं. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० ला 'स्त्री' आणि १९३४ ला 'मनोहर' आलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. एका खेड्यातल्या कारखान्यातून मासिकं निघतात आणि घराघरांत जातात, त्यांच्या मुखपृष्ठांकडे लोक डोळे लावून बसतात, हे मला आजही थोर वाटतं. औंधला जाल तेव्हा भवानी संग्रहालय वेळ काढून बघा, चित्रकार राजाने जमवलेला तो संग्रह बघताना रंगाची समज वाढते.

१०. एआयने कव्हर केलं तर काय बिघडलं?

तुमचा निर्णय, पण मी करत नाही. नऊवारी भलतीच नेसवलेली, बैलगाडीचं जू चुकीच्या जागी, अजिंक्यतारा म्हणून राजस्थानातला किल्ला, असले नमुने मला लोक 'फक्त नीट करून द्या' म्हणून पाठवतात. आपल्या गावचं पुस्तक असेल तर गावचा वाचक हे पहिल्या नजरेत पकडतो आणि आतल्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो. किंडलवर स्वतः पुस्तक टाकताना एआयने बनवलेला मजकूर आणि चित्रं, कव्हरसुद्धा, जाहीर करावी लागतात, तेही लक्षात ठेवा. बजेट नसेल तर नुसत्या अक्षरांचं कव्हर करा. १९३५ ला पेंग्विनने इंग्लंडमध्ये चित्राशिवायची, रंगाच्या पट्ट्यांची कव्हरं काढली, कादंबरीला नारिंगी, गुन्हेकथेला हिरवा, चरित्राला निळा, आणि ती आजही लोक ओळखतात.

११. चित्रकाराला पैसे दिले म्हणजे चित्र माझं झालं ना?

लेखी काय ठरलंय त्यावर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंग आणि फोटोबद्दल वेगळी तरतूद आहे, करार उलटा नसेल तर काढून घेणारा पहिला मालक धरला जातो. पण चित्र आधीच काढलेलं होतं आणि तुम्ही ते कव्हरला घेतलंत तर तसं होत नाही, ते चित्रकाराचंच, तुम्हाला फक्त वापराची परवानगी. हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाही तर कायद्याने पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून एका पानावर लिहा: छापील, ई-बुक, ऑडिओ, पोस्टर, पुढच्या आवृत्त्या, यातलं काय काय. आणि आत चित्रकाराचं नाव छापा. हे पैशाएवढंच महत्त्वाचं आहे, आणि ते गाळलेलं दिसलं की मला फार वाईट वाटतं.

१२. आजोबांचं पुस्तक परत काढतोय, जुनंच कव्हर वापरता येईल का?

मजकुराचा हक्क तुमच्याकडे आला म्हणून कव्हरचा आला असं नसतं. मालक प्रकाशक असेल, चित्रकाराचे वारस असतील, वर ११ मध्ये सांगितलं तसं बघावं लागतं. चित्राची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत हक्कात आहेत. परवानगी मिळाली तर जुन्या पुस्तकाचा मोबाईल फोटो वापरू नका, चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला घ्या.

१३. कव्हर बदललं तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर) नवा घ्यायचा का?

नुसतं कव्हर बदललं तर नको. हार्डबाउंड, पेपरबॅक आणि ई-बुक यांना मात्र वेगवेगळे नंबर. आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी ते फुकट देते, एजंटला पैसे देऊ नका. बारकोड मलपृष्ठावर, पांढऱ्या चौकटीत काळा. आणि छापील पुस्तक आलं की तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात ठरलेल्या बाकी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, हे बरेच हौशी प्रकाशक करतच नाहीत. करा, तुमचं कव्हरही तिथे जपलं जाईल.

१४. पोस्टाने पुस्तक पाठवलं की कोपरे दुमडतात, आणि बुक पोस्ट बंद झालं म्हणतात?

रजिस्टर्ड बुक पोस्ट २०२४ च्या डिसेंबरात गेलं, पण १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू आहे. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ट्रॅकिंग मिळतं. कोपऱ्यांसाठी पुस्तकापेक्षा बोटभर मोठे दोन पुठ्ठे खाली-वर लावा, आधी प्लॅस्टिक पिशवी, मग कागद. नुसती बबल शीट कोपरे वाचवत नाही.

१५. आमच्या वाचनालयात नवीन पुस्तक आलं की कव्हर काढून रेक्झिनची बांधणी करतात, बरोबर आहे का?

बांधणी बरोबर, कव्हर फेकणं चूक. सार्वजनिक वाचनालयात पुस्तक इतक्या हातांतनं जातं की पुठ्ठा बांधणी करावीच लागते, आणि बांधणारे काका बिचारे कमी पैशात ते मन लावून करतात. पण बांधल्यावर सगळं कपाट एकसारखं तपकिरी दिसतं, वाचकाला हात पुढे करावासाच वाटत नाही, आणि जुन्या मराठी कव्हरांचा किती मोठा ठेवा असा गेलाय याचा विचार केला की जीव तुटतो. उपाय अगदी साधा आहे. मूळ मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ कडेने कापून नव्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं, वर पारदर्शक फिल्म. जॅकेट (पुठ्ठ्यावर गुंडाळलेलं सुटं कव्हर) असेल तर घडी न घालता वेगळ्या फाइलमध्ये, पुस्तकाचा नंबर पेन्सिलने लिहून. सेलोटेप अजिबात नको, तो पिवळा पडतो आणि शाई घेऊन निघतो. बांधायला द्यायच्या आधी प्रत्येक कव्हर स्कॅन केलं तर दोन मिनिटं लागतात.

भिलारला, आपल्या पाचगणीजवळच्या पुस्तकांच्या गावात, ४ मे २०१७ पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. लोक स्ट्रॉबेरी खायला येतात आणि पुस्तक घेऊन बसतात. तिथे समोर मांडलेली कव्हरं बघून लहान मुलं कशी आपोआप हात लावतात ते एकदा वाचनालयाच्या कमिटीने जाऊन बघावं.

१६. पुराच्या पाण्यात पुस्तकं भिजली, कव्हर तरी वाचेल का?

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा सांगलीत घरं, दुकानं बुडाली, तशीच नगर वाचनालयाची पुस्तकंही पाण्यात गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात हा प्रश्न येतोच.

पहिले दोन दिवस महत्त्वाचे, नंतर बुरशी धरते. चिखलाच्या पाण्यात भिजलेल्या पुस्तकांना हात लावताना हातमोजे आणि मास्क घाला. पुस्तक बंदच ठेवून स्वच्छ पाण्यात हळू धुवा, चोळू नका, आणि हाताने लिहिलेलं किंवा रंग फुटणारं काही असेल तर धुऊच नका. कडक उन्हात उघडं टाकू नका, पानं लाटेसारखी होतात आणि कव्हर आखडतं. सावलीत, पंख्याखाली, दर दहा-पंधरा पानांनंतर कोरा टिपकागद घालून, तो बदलत राहायचं. छापील वर्तमानपत्र नको, शाई लागते. लॅमिनेशन केलेलं कव्हर फिल्ममुळे आतला ओलावा सोडत नाही, म्हणून ते शक्यतो उघडं ठेवून वाळवा.

सगळ्यात अवघड आर्ट पेपरची पुस्तकं, चित्रांची, फोटोंची. त्या कागदावरचा लेप ओला असताना सुटा असतो, एकदा का पानं एकमेकांवर वाळली की वीट होते आणि मग उघडत नाहीत. ती अर्धवट वाळू देऊ नका. लगेच सुटी करायला वेळ नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीजरला ठेवा, गोठवलं की बुरशी थांबते आणि नंतर थोडी थोडी काढून सावकाश काम करता येतं. आइस्क्रीमवाल्याला, डेअरीवाल्याला विचारा, पुराच्या वेळी लोक नाही म्हणत नाहीत.

१७. एकच प्रत उरलीय आणि तिचं कव्हर अर्धं फाटलंय, तसंच नवीन करता येईल?

फाटका तुकडा टाकू नका, आहे तसा स्कॅन करून ठेवा. मग दुसरी प्रत शोधा: जवळच्या तालुक्यांतली जुनी वाचनालयं, बुकगंगावरचे जुन्या पुस्तकांचे फोटो, त्या काळातल्या दिवाळी अंकातली प्रकाशकाची जाहिरात, तिथे कव्हर छोटं छापलेलं सापडतं. त्यावरून रंग आणि अक्षरांची जागा कळते. हरवलेला भाग नव्याने काढला तर आतल्या पानावर तसं स्पष्ट लिहा, मूळ चित्रकार कोण आणि दुरुस्ती कुणाची ते. हक्काचं १२ प्रमाणे. घरातल्या एका प्रतीपुरतं करायचं असेल तर डिजिटल प्रिंटवर एक कव्हर काढून मिळतं, जुनं कव्हर मात्र त्याच्या आत तसंच राहू द्या.